दिव्यांगांचे अपील आणि प्रतिनिधीचे कर्तव्य

(विधी स्वयंसेवकांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



योजना कागदावर उतरली म्हणजे ती गरजवंताच्या दारी पोहोचली असे होत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली सुरू झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९९५ च्या कायद्यातील ७ प्रकारांऐवजी २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता मिळाली. तथापि अनेक सवलतींचे द्वार उघडते ते किमान ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रानेच. ज्याच्या कागदावर ३५ चा आकडा पडला, त्याला ते बंद राहते.

परंतु तो आकडा म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. या अधिनियमाच्या कलम ५९ अन्वये राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तेथे अर्जदाराच्या पाठीशी उभे राहणे हे आपले काम आहे.

सर्वप्रथम निर्णयाची लेखी प्रत मिळवा आणि अपिलाची मुदत पाहा. अर्जदार अपात्र ठरल्यास त्याला कारणे लेखी कळवावीत, असा नियम आहे. कारण समजल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

त्यानंतर सर्व व्याधींचा विचार झाला आहे काय, हे तपासा. समजा, एका शेतमजुराचे पायाचे दिव्यांगत्व ३० टक्के आणि श्रवणदोष २० टक्के आहे. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतील सूत्रानुसार मोठा आकडा ९० मधून वजा करावयाचा, बाकीला लहान आकड्याने गुणून ९० ने भागावयाचे आणि येणारी संख्या मोठ्या आकड्यात मिळवावयाची. येथे बेरीज ५० होत नाही. सुमारे ४३ होते. मात्र केवळ पायच तपासला गेला असेल, तर हा मनुष्य ३० वरच अडकतो.

काही व्याधी तपासणीच्या दिवशी डोळ्यांना दिसत नाहीत. विदर्भातील व नंदुरबारकडील आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल आजार त्यांपैकी एक. वेदनांचे झटके किती वेळा आले, रक्त किती वेळा द्यावे लागले, याची साक्ष रुग्णालयाची डिस्चार्ज कार्डेच देतात. ती तारीखवार लावून सादर करा.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे "कसे काय?" असे विचारले की दुखणाईतही "बरे आहे" म्हणतो. म्हणून नेमके विचारा: पाणी कोण भरते? बसथांब्यापर्यंत जाताना किती वेळा बसावे लागते? मिळालेली उत्तरे त्याच्याच शब्दांत लिहा आणि शक्य तेथे त्यालाच बोलू द्या. पदरचे काही घालू नका. एक अतिशयोक्ती उघडकीस आली, तर दहा खऱ्या गोष्टींवरील विश्वास उडतो.

जेथे कायद्याचा प्रश्न गुंतागुंतीचा असेल, तेथे तालुका विधी सेवा समितीकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहे.

अपील म्हणजे डॉक्टरांशी किंवा शासनाशी भांडण नव्हे. अपुऱ्या माहितीवर झालेला निर्णय पुऱ्या माहितीवर पुन्हा व्हावा, एवढीच ती मागणी असते. ही माहिती वेळेवर व सचोटीने पोहोचविणे, हेच प्रतिनिधीचे खरे कर्तव्य होय.