मोकाट कुत्री आणि अर्धवट खर्च



मोकाट कुत्र्यांचा प्रश्न मुंबईला नवा नाही. १८३२ च्या जून महिन्यात कंपनी सरकारच्या पोलिसांनी कुत्री मारण्याची मोहीम काढली आणि मारलेल्या कुत्र्यामागे शिपायांना बक्षीस लावले. ज्या पारशी समाजाच्या धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे, त्याने दुकाने बंद पाडली, दंगल झाली आणि सरकारला नमते घ्यावे लागले. पुढे विसाव्या शतकात महापालिकेने वर्षानुवर्षे हजारो कुत्री विजेच्या धक्क्याने मारली. कुत्री कमी झाली नाहीत. अखेर १९९० नंतरच्या दशकात मुंबईने आणि मद्रासनेही हत्येचा मार्ग सोडून निर्बीजीकरणाचा धरला.

हत्या निष्फळ का ठरली? कुत्र्यांची संख्या मारणाऱ्याच्या हातात नसते. ती उकिरड्याच्या आकारावर ठरते. गल्लीच्या तोंडाशी कचरा आहे तोवर तेथे पोट भरण्याची जागा आहे, आणि एक कुत्रा उचलला की ती जागा शेजारच्या गल्लीतला दुसरा घेतो किंवा पुढच्या वेतातली पिल्ले घेतात. शिवाय लस टोचलेला कुत्रा मारला गेला तर त्याच्या जागी येणारा नवा कुत्रा बिनलसीचा असतो.

तरीही निर्बीजीकरणाबद्दल लोकांचा राग आहे आणि तो अकारण नाही. जवळपास दोन दशके शस्त्रक्रिया होऊनही २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार मोकाट कुत्री आढळली. दोष पद्धतीत नसून ती राबवण्याच्या रीतीत आहे. नदीवरच्या पुलाचे चार खांब हवे असताना तीन बांधले, तर पाऊणपट माणसे पलीकडे जात नाहीत. एकही जात नाही. निर्बीजीकरणाचा खर्च याच जातीचा आहे. एखाद्या भागातील तीस टक्के माद्यांवर शस्त्रक्रिया झाली, तर उरलेल्या सत्तर टक्के माद्या दोन वर्षांत ती तूट भरून काढतात. सबंध शहरभर थोडे थोडे शिंपडलेले पैसे म्हणून वाया जातात. तेच पैसे एका प्रभागात ओतून तेथले काम पुरे करावे आणि मगच पुढच्या प्रभागात जावे.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. जयपूरमध्ये १९९४ पासून ठरावीक भागात सातत्याने काम झाले. सुमारे ६५ टक्के माद्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण झाल्यावर आठ वर्षांत तेथील कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली, आणि त्या भागातून रेबीजचे रुग्ण येणे थांबले. गोव्यात २०१३ नंतर पथके गावोगाव फिरली, जाळ्यांनी कुत्री धरून लस टोचली आणि सत्तर टक्क्यांचे प्रमाण गाठले. २०१७ नंतरची काही वर्षे तेथे रेबीजने एकही माणूस मेल्याची नोंद झाली नाही.

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने दिल्ली परिसरातील सर्व कुत्री निवाऱ्यात कोंडण्याचा आदेश दिला. ज्यांच्या मनात भीती होती त्यांना तो न्याय वाटला. २२ ऑगस्टला त्रिसदस्य पीठाने तो बदलला : पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची लस व शस्त्रक्रियेनंतर मूळ जागी सोडावीत. कोंडवाड्याचा हिशेब कोणी मांडतच नाही. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो. कोंडलेल्या कुत्र्याला रोज अन्न, पाणी, औषध आणि झाडणारा माणूस लागतो, तोही ते मरेपर्यंत. मुंबईत तर त्यासाठी जमीनही लागेल!

या वादात एक बाजू मोटारीतून जाते आणि दुसरी लिफ्टने वर. जिन्याखाली भात-दूध ठेवणाऱ्यांची करुणा खोटी नाही, पण चावा त्यांना क्वचितच बसतो. तो बसतो पहाटे कचरा वेचणाऱ्या बाईला, दुसरी पाळी संपवून चालत घरी जाणाऱ्या कामगाराला, गल्लीत खेळणाऱ्या पोराला. २०२२-२३ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, त्यांपैकी तीन-चतुर्थांशांना कुत्रे, आणि रेबीजने अंदाजे ५,७०० माणसे मरतात. वेळेवर लस आणि खोल जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शन मिळाले तर यांतले जवळजवळ सर्व मृत्यू टळतात. लस अनेकदा मिळते. दुसरे महागडे इंजेक्शन संपलेले असते आणि रोजंदारीवरच्या माणसाला ते बाहेरून आणायला सांगितले जाते.

म्हणून कार्यकर्त्यांनी ‘कुत्री हटाव’च्या मोर्चात सामील होण्याआधी आपल्या प्रभागापुरती माहिती काढावी : माद्या किती, शस्त्रक्रिया झालेल्या किती, कचरा दिवसातून कितीदा उचलला जातो, रुग्णालयात ते इंजेक्शन आहे काय. कंत्राटाचे कलमही वाचावे. मोबदला कुत्र्यामागे ठरला असेल, तर हाताला सहज लागेल तेच कुत्रे धरले जाते. बुजरी मादी गटाराच्या नळात राहते आणि पिल्ले घालते. मोबदला पुऱ्या झालेल्या प्रभागावर असावा. आणि जाळे घेऊन कुत्र्यामागे धावणारा तो कंत्राटी कामगार : त्याला स्वतःला आगाऊ लस टोचली आहे काय, हेही त्याच दिवशी विचारून घ्यावे.