राजवाड्यापलीकडचा जिल्हा

(जिल्ह्याचा भूगोल, इतिहास आणि स्थानिक कारभार या विषयांवर इंदूर येथे भरलेल्या परिषदेतील स्वागताध्यक्षांचे भाषण)



स्वागताध्यक्ष निवडताना आधी त्याचा खिसा बघावा, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. संयोजकांनी यंदा ती मोडली. माझा खिसा मास्तरकीच्या पेन्शनीचा. बावीस वर्षे मी सरवटे बसस्थानकावरून सकाळची बस पकडून सांवेर तालुक्यात भूगोल शिकवायला जात होतो. जिल्हा नकाशावर शिकवला आणि बसच्या खिडकीतून पाहिला, एवढीच माझी पात्रता. तेव्हा पाहुणचारात उणे राहिले तर ते माझ्या खिशाचे समजावे, आणि गोड लागले तर या शहराचे.

या शहराला मराठी मांडव नवा नाही. १९१७ मध्ये गणेश जनार्दन आगाशे, १९३५ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलने इथे भरली. त्या मांडवांत कविता होती, कादंबरी होती, भाषेची काळजी होती. आजचा आपला विषय त्या मानाने रुक्ष आहे. पटवारी, पाणी, परगणा, पंचायत! पण इंदुरातल्या मराठी माणसाने या विषयाला रुक्ष म्हणणे म्हणजे आजोबांना रुक्ष म्हणण्यासारखे आहे. आपली आडनावे बघा. फडणीस, चिटणीस, पोतनीस, पागनीस. यातले एकही आडनाव कवितेतून आलेले नाही, सगळी दफ्तरातून आली आहेत. आपले पूर्वज या मुलखात आले ते कारभार करायला. म्हणून कारभाराचा हिशेब मागायचा झाला, तर तो आधी आपल्यालाच द्यावा लागतो.

प्रथम भूमी. इंदूर जिल्हा सुमारे ३,९०० चौरस किलोमीटरचा, माळव्याच्या पठाराच्या अगदी दक्षिण कडेवर बसलेला. महूच्या पुढे जानापावचा डोंगर आहे. लोक त्याला परशुरामाचे जन्मस्थान मानतात आणि तिथून साडेसात नद्या निघतात असे सांगतात. साडेसातचा हिशेब मी वर्गात कधीच पटवून देऊ शकलो नाही, पण दोन गोष्टी पक्क्या आहेत. चंबळ तिथून निघते आणि उत्तरेला जाऊन यमुनेला मिळते. चोरल त्याच डोंगररांगेतून दक्षिणेला उतरते आणि नर्मदेला मिळते. म्हणजे एकाच पावसाचे दोन थेंब आमच्या जिल्ह्यात हातभर अंतरावर पडले, तर एक बंगालच्या उपसागरात पोहोचतो आणि दुसरा अरबी समुद्रात. पातालपाणी ते कालाकुंड या घाटातून धावणारी छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी पठार संपते म्हणजे काय होते ते डोळ्यांनी पाहिले आहे.

पठारावर काळी माती. पूर्वी पावसाळ्यात ही शेते बरीचशी पडीत राहत आणि थंडीत त्याच ओलीवर गहू, हरभरा येई. १९७० नंतर त्या पडीत जागेत सोयाबीन शिरले आणि दोन दशकांत माळव्याचा खरीप पिवळा झाला. १९८७ मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरात आले ते उगाच नव्हे. पण दुसऱ्या पिकाला पाणी लागले, आणि पावलागणिक पाण्याचा लौकिक असलेल्या मुलखात कूपनलिका पावलागणिक झाल्या. खाली बेसाल्टचा कातळ. तो पाणी साठवतो ते फटीफटीत, आणि फटी एकदा रिकाम्या झाल्या की भरायला वेळ घेतात. शहराचे तर विचारूच नका. बिलावली, सिरपूर, यशवंतसागर हे तलाव अपुरे पडले, १९७० मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी इथल्या लोकांनी आंदोलन केले, आणि १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून आणलेले पाणी इंदूर पिते आहे.

आता इतिहास. इंदूरला कोणी विचारले की आपण बोट राजवाड्याकडे करतो. माझे बोट पंचवीसेक किलोमीटरवरच्या कंपेलकडे जाते. मोगलांच्या माळवा सुभ्यात, उज्जैन सरकारात, परगण्याचे ठाणे होते ते कंपेल. इंदूर ही त्या परगण्यातली कान्ह आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या संगमावरची वस्ती. इथले जमीनदार राव नंदलाल मंडलोई. त्यांचे घराणे १७१६ च्या बादशाही सनदेचा दाखला देते. व्यापार वाढला तसे अठराव्या शतकात ठाणे कंपेलहून इंदूरला हलले. मल्हारराव होळकर आले ते या तयार पेठेत. अहिल्याबाईंनी राज्य चालवले ते महेश्वरहून. इंदूर राजधानी झाले १८१८ च्या मंदसौर तहानंतर. म्हणजे पराभवातून. महिदपूरची लढाई हरलेल्या होळकर दरबाराला दिवाण तात्या जोगांनी इथे आणून सावरले. शंभर वर्षांत परगण्याचे गाव राजधानी झाले, आणि परगण्याचे ठाणे असलेले कंपेल खेडे झाले.

महाराष्ट्रातल्या पाहुण्यांसाठी एक छोटा शब्दकोश देतो. तुमचा पाटील तो आमचा पटेल, कुलकर्णी तो पटवारी, देशमुख तो मंडलोई किंवा चौधरी, आणि देशपांडे तो कानूनगो. होळकरशाहीने ही माणसे बदलली नाहीत. त्यांच्यावर परगण्याला अमीन बसवला आणि जिल्ह्याला सुभा. वरचा कागद मोडी मराठीत, खालचे बोलणे माळवीत. या दोन भाषांमधल्या फटीत काय काय गळाले असेल, हा संशोधनाचा विषय आहे, आणि तो मराठी येणाऱ्यानेच करायचा आहे.

या जिल्ह्यातली आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. शंभर वर्षांपूर्वी इथून एखादा माणूस दिवसभर दक्षिणेला चालत निघाला असता, तर त्याने तीन-चार राज्यव्यवस्था ओलांडल्या असत्या. शहरात होळकरांचा अंमल. शहराच्याच कुशीत इंग्रज रेसिडेन्सीची वेगळी हद्द. पुढे १८१८ मध्ये वसवलेली महूची लष्करी छावणी. आणि त्याही पुढे मानपूर, इंग्रजांच्या थेट ताब्यातला एक चिमुकला परगणा. आजही महूला छावणी परिषद आहे, शेजारी महूगावला नगर परिषद, आणि भोवती ग्रामपंचायती. इतिहास पुस्तकात संपतो, हद्दीत संपत नाही.

आता कारभार. इंदूरची नगरपालिका १८७० ची, तुकोजीराव दुसरे यांच्या काळातली. ग्रामपंचायतीचा कायदाही होळकर राज्याने १९२० मध्येच केला होता. पण मला दोन परदेशी पाहुण्यांची आठवण करून द्यायची आहे. पहिले पॅट्रिक गेडिस. नगररचनाकार म्हणून दरबाराने त्यांना बोलावले, आणि १९१८ मध्ये त्यांनी दोन खंडांचा अहवाल दिला. शहरात प्लेगची भीती होती. गेडिसनी दिवाळीची मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले की, जो रस्ता सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेला असेल त्याच रस्त्याने मिरवणूक जाईल. घरोघर झाडू निघाले. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता, आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार होते. २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या यादीत पहिले येणाऱ्या इंदूरने हे आजोळ विसरू नये.

दुसरे अल्बर्ट हॉवर्ड. १९२४ पासून ते इथल्या वनस्पती संशोधन संस्थेत होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचून, वरचेवर परतून, तीन महिन्यांच्या आसपास खत करण्याची रीत त्यांनी बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेले गांधीजी ती पाहायला गेले होते. आज देवगुराडियाला शहराच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस होतो, त्याचे कौतुक आपण करतोच. पण ‘इंदूर’ हे नाव जगाच्या शेतीत गेले ते बैलाच्या गोठ्यातून, हे लक्षात असू द्या.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मध्य भारत, १९५६ मध्ये मध्य प्रदेश. पंचायतींविषयीच्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर तिच्या तरतुदींनुसार पहिल्या निवडणुका घेतल्या त्या आमच्या राज्याने, १९९४ मध्ये. आज जिल्ह्यात इंदूर, महू, सांवेर आणि देपालपूर या चार जनपद पंचायती आहेत. जनपद म्हणजे तुमची पंचायत समिती. वर जिल्हा पंचायत, म्हणजे तुमची जिल्हा परिषद. शिवाय बेटमा, हातोद, गौतमपुरा, राऊ यांच्यासारख्या आठ नगर परिषदा. पंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांच्या.

आणि इथे मला या जिल्ह्याच्या एका सुपुत्राचे नाव घ्यायचे आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी महूला जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. संविधान सभेत खेड्याचे गोडवे गायले जात असताना त्यांनी स्पष्ट सांगितले होते की खेडे हे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर आहे. त्याच सभेत मध्य भारताचे प्रतिनिधी म्हणून आपले वि. सी. सरवटे बसले होते. पंचायतीचे कलम पुढे आलेच. पण आज राखीव जागेवरची सरपंचबाई ग्रामसभेत खुर्चीवर बसते, तेव्हा ती खुर्ची बाबासाहेबांच्या शंकेने मजबूत केलेली असते. आरक्षण नसते, तर खेड्याबद्दलचे त्यांचे म्हणणेच खरे ठरत राहिले असते. नवऱ्याने सही करायची आणि बाईने नाव द्यायचे, हा प्रकार मी गावात जाता-येता पाहिला आहे. तो कमी होताना पाहिला आहे, संपलेला पाहिलेला नाही.

मला खटकते ते पुढचे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३२ लाख ७६ हजार होती, आणि त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश लोक शहरी. २०१४ मध्ये आणखी २९ गावे महापालिकेत घेतली आणि प्रभाग ६९ चे ८५ झाले. गावाची पंचायत गेली, ग्रामसभा गेली, पाटी बदलली. शहर असे वाढत जाते, आणि उरलेल्या जिल्ह्याशी त्याचा व्यवहार मोजका उरतो. दूध, भाजी, बटाटा घ्यायचा आणि सांडपाणी पाठवायचे. मी शाळेत नद्या शिकवत असताना एका मुलाने विचारले होते, “सर, तुमच्या घरची मोरी आमच्या गावावरून जाते ना?” कान्ह इंदुरातून निघून सांवेर तालुक्यातून वाहत उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. मुलाचा भूगोल अचूक होता. २०१६ च्या सिंहस्थाआधी कान्हचे पाणी नळातून वळवून उज्जैनच्या घाटांपुढे सोडण्याची सोय झाली. भाविकांची सोय झाली. मधल्या गावांतला तो मुलगा मात्र कुठल्याच पर्वणीत बसत नव्हता.

शहर आणि जिल्हा यांचा संसार दुसरीकडे कसा चालतो, तेही बघू. जर्मनीत जिल्ह्याला लांडक्राइस म्हणतात. असे २९४ जिल्हे आहेत, आणि शंभरावर मोठी शहरे त्यांच्या बाहेर, स्वतंत्र. कचरा, जिल्ह्याचे रस्ते, मुलांना शाळेत नेण्याची सोय ही जिल्ह्याची कामे. बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा प्रमुख लोक थेट निवडतात. आपला जिल्हाधिकारी नेमणुकीवर येतो आणि बदलीवर जातो. पण मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. तिथे अनेक जिल्ह्यांची स्वतःची अभिलेखागारे आहेत. कुठल्या गावाची शीव कधी बदलली, पूल कोणी बांधला, पूर कुठवर आला, हे तिथल्या माणसाला आपल्या जिल्ह्याच्याच गावी बसून वाचता येते. आपल्याकडे ग्रामपंचायतीचे जुने ठराव गोणीत असतात. गोणी कपाटावर असते, आणि कपाट पावसात गळणाऱ्या कोपऱ्यात.

म्हणून स्वागताध्यक्ष या नात्याने परिषदेपुढे माझे मागणे एकच आहे. ठराव कमी करा आणि एक काम घ्या. चारही जनपदांतल्या प्रत्येक गावाची एक वही तयार व्हावी. पाणी कुठून येते आणि कुठे जाते, शीव कुठे आहे, आजवर सरपंच कोण कोण झाले, आणि गावातला सर्वांत जुना कागद कोणाच्या घरी आहे. त्या कागदांतले कित्येक मोडीत असतील. इंदुरात मोडी वाचणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ती आहेत तोवर त्यांच्याशेजारी माळवी बोलणारा एकेक तरुण बसवा. वर मी ज्या फटीबद्दल बोललो, ती अशीच बुजेल.

भोजनाला साधा दाल-बाफल्याचा बेत आहे. राहण्याच्या व्यवस्थेत गैरसोय झाली तर पोटात घाला. 

रात्री सराफा बाजारात खायला जरूर जा, गराडू खा. पण फार जागू नका. उद्या सकाळी साडेसहाला बस कंपेलला निघेल. पोहे बसमध्येच मिळतील. राजवाडा पाहायला तुम्ही पुन्हा कधीही याल. कंपेलला उद्याच चला.