काचेपर्यंत पोचणारी काठी



वैशाख-ज्येष्ठात लखनौवर ‘लू’, म्हणजे उष्ण वाऱ्याची झळ, वाहू लागली,
की गोमतीनगरच्या उंच इमारतींच्या काचांवर आणि हजरतगंजच्या दुकानांच्या तावदानांवर बारीक धुळीचा जो थर बसतो,
तो उतरवण्याचे काम ज्यांच्या खांद्यांवर येते,
त्यांच्या काठीविषयी आज बोलू या.

काठी हलकी हवी.
पण तिचा हलकेपणा दुकानात मिटलेली काठी तोलून कळत नाही.
ती पूर्ण उघडा.
टोकाला भिजलेला ब्रश लावा.
मग उचला.
दूरच्या टोकावरचे थोडके वजनही मनगटाला कितीतरी जड लागते.

बांबू स्वस्त खरा, परंतु लांबी वाढली की तो लवतो;
ॲल्युमिनियम टिकाऊ, पण त्या मानाने जड;
कार्बन-तंतूंची काठी हलकी आणि ताठही,
म्हणून दिवसभराच्या कामासाठी, दाम अधिक पडले तरी, माझी शिफारस तिचीच.

मात्र एक सक्त ताकीद.
कार्बन आणि ॲल्युमिनियम, दोन्हींतून वीज वाहते.
जुन्या वस्तीत जिथे विजेच्या तारा खिडक्यांना खेटून जातात, तिथे या काठ्या सर्वथा वर्ज्य समजा.

ब्रश मऊ केसांचा घ्या.
केसांची टोके चिरलेली असली, तर पाणी चांगले धरून राहते.
आधी काच भरपूर भिजवा;
कोरडी धूळ घासली, की तिच्यातले कण काचेवर ओरखडे उठवतात.

पुन्हा सांगतो :
काठी उघडून, ब्रश भिजवून, मगच हलकेपणा जोखा.
आणि खरेदीपूर्वी, ती ज्या कामगाराच्या हाती जायची, त्यालाच एकदा उचलू द्या.