यादी बोलावलेल्यांची करा

शाळेतल्या, कचेरीतल्या संगणकांवर कोणते प्रोग्रॅम चालू द्यायचे हे ज्यांच्या हाती आहे, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. तुम्ही बहुतेक काय करता? नको असलेल्यांची यादी. हा गेम बंद, तो प्लेअर बंद. यादी लांबते आणि पोरं गालात हसतात.

लग्नाच्या मांडवात दारावर मामांना उभं करून सांगितलं, 'बंडूला सोडू नका.' बंडू येतो, 'मी गणू' म्हणतो आणि जिलबीवर ताव मारतो. विंडोजच्या ग्रुप पॉलिसीतली प्रोग्रॅम अडवण्याची जुनी सोय अशीच, नुसतं नाव विचारणारी. फाइलचं नाव बदललं की झालं! शिवाय तिचा पहारा फक्त एक्सप्लोररच्या दारावर. कमांड प्रॉम्प्टचं मागचं दार उघडंच.

म्हणून यादी बोलावलेल्यांची करा. विंडोज ७ बरोबर २००९ साली आलेला ॲपलॉकर हेच करतो. ओळख तीन तऱ्हांची. एक, कंपनीची डिजिटल सही: ओळखीच्या घराण्यातला माणूस, मग नवी आवृत्ती आली तरी घराणं तेच. दोन, फाइलचा हॅश: अंगठ्याचा ठसा. पण अपडेट झालं की ठसा बदलतो आणि सख्खा जावई दारात अडतो. तीन, फोल्डर: मुदपाकखान्यातून येईल तो आपला. प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या वापरकर्त्याला काही ठेवता येत नाही, म्हणून ते चालतं. डाउनलोड्सला मात्र ही मोकळीक कधीही नको. आणि सगळ्यांनाच ॲडमिनिस्ट्रेटर केलंत, तर प्रत्येक पाहुणा मामा झाला की हो!

पुन्हा सांगतो, नको असलेल्यांची नव्हे, बोलावलेल्यांची यादी. बंडू रोज नवे जन्मतात. कामाचे प्रोग्रॅम मोजके असतात.

एकदम अंमल मात्र करू नका. आधी 'ऑडिट'वर ठेवा. मामा कुणाला अडवत नाहीत, कोण अडलं असतं तेवढं टिपतात. ती नोंद वाचा बरं का, नुसती साठवू नका! हिशेबाचं एखादं जुनं सॉफ्टवेअर यादीतून सुटलेलं असेल, तर ते पगाराच्या दिवशी कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं.

लिनक्सवर याच कामाला एफएपॉलिसीडी आहे. मॅकवरचा गेटकीपर जरा निराळा... पण वेळ संपत आली. यादीत नवं नाव घालायचं ते कुणाला विचारून, हेही आधी ठरवून ठेवा. कारण खरी भांडणं तिथंच... असो.