गुरूचे चंद्र आणि केतकरांचा ग्रह

चंडीगडच्या सुखना तलावाच्या बांधावर, पावसाळा सरल्यानंतरच्या निरभ्र रात्री, गुरू वर आलेला असला तर साध्या द्विनेत्री दुर्बिणीतूनही त्याच्या आजूबाजूला चार बारीक ठिपके दिसतात. कधी तीनच, कारण एखादा गुरूच्या आड गेलेला असतो. आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो हे ते चार चंद्र. गॅलिलिओने ते १६१० साली पाहिले. आज गुरूचे नव्वदांहून अधिक चंद्र ज्ञात आहेत. परंतु या चौघांतील पहिल्या तिघांची कथा निराळी आहे, आणि तिचा एक धागा मराठी मुलुखात येऊन पोहोचतो.

आयो दिवसाला सुमारे २०३.४८९ अंश चालतो, युरोपा १०१.३७५ आणि गॅनिमीड ५०.३१८. आयोच्या गतीत गॅनिमीडची दुप्पट गती मिळवावी, बेरीज ३०४.१२५ येते. युरोपाच्या गतीची तिप्पटही नेमकी तेवढीच! यामुळे हे तिघे गुरूच्या एकाच अंगाला एका रेषेत कधीच येत नाहीत. ही गाठ परस्परांच्या आकर्षणाने बसलेली आहे, हे अठराव्या शतकात लाप्लास या फ्रेंच गणित्याने दाखविले.

‘ज्योतिर्गणित’कार व्यंकटेश बापूजी केतकर हे व्यवसायाने शिक्षक. चंद्रांमधील हा मेळ सूर्याच्या दूरच्या ग्रहांतही असावा, असे त्यांना वाटले. हर्षल, नेपच्यून आणि त्यांपलीकडील अदृष्ट ग्रह यांची तशी सांगड घालून त्यांनी १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत दोन नव्या ग्रहांचे भाकीत प्रसिद्ध केले. नावे ठेवली ब्रह्मा आणि विष्णू. पृथ्वीच्या सूर्यापासूनच्या अंतराच्या ३८.९५ पट अंतरावर ब्रह्मा असावा आणि त्याची प्रदक्षिणा २४२.२८ वर्षांची असावी, असे त्यांचे गणित होते. १९३० साली प्लूटो सापडला. त्याचे अंतर सुमारे ३९.५ पट, प्रदक्षिणा २४८ वर्षांची.

येथे अभिमानाला किंचित आवर घालणे भाग आहे. केतकरांनी प्लूटो शोधला असे म्हणता येत नाही. आकाशात तो कोठे दिसेल हे त्यांनी सांगितले नव्हते. शिवाय त्यांनी मानलेली तिहेरी गाठ तेथे नाही. प्लूटोची गाठ एकट्या नेपच्यूनशी आहे: नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लूटोच्या दोन. हे १९६५ मध्ये गणनायंत्रांच्या साहाय्याने उमगले. तरीही, ग्रहांच्या गतींत अशी बांधिलकी असते हा त्यांचा मूळ तर्क अगदीच वाया गेला नाही.

त्याच चंद्रांवरून केलेले दुसरे एक भाकीत मात्र पुरते खरे ठरले. या गाठीमुळे आयोची कक्षा किंचित लांबट राहते, गुरूच्या ओढीने त्याचे अंग सतत मळले जाते, आणि तो आतून वितळलेला असावा, असे तीन शास्त्रज्ञांनी मार्च १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. काही दिवसांतच व्हॉयेजर यानाने आयोवरील ज्वालामुखीची छायाचित्रे पाठविली. येथे आकड्यांच्या मेळाखाली कारणाचा पाया होता.

प्लूटोचे खरे वजनही अखेर एका चंद्रानेच सांगितले. १९७८ मध्ये शॅरन सापडला, आणि प्लूटो आपल्या चंद्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही हलका निघाला. २००६ साली त्याचे ग्रहपद गेले. केतकर हे पाहण्यास नव्हते. प्लूटो सापडला त्याच वर्षी ते निवर्तले. त्यांचा विष्णू अद्याप कोणाला दिसलेला नाही.