जपमाळेचे पोप आणि पुण्याचा धर्मप्रांत

पुण्याहून लोणावळ्यास जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर देहूरोड मागें पडलें कीं बेगडेवाडीचें लहानसें स्थानक लागतें. हा सारा मुलूख तुकोबांचा. येथें माळ म्हटली कीं तुळशीची, १०८ मण्यांची. आणि माउली म्हटलें कीं आळंदीचे ज्ञानेश्वर. परंतु कॅथलिक धर्मसंस्थेच्या व्यवस्थेंत हाच मावळ तालुका पुण्याच्या धर्मप्रांतांत मोडतो. त्याला धर्मप्रांताचा दर्जा १ सप्टेंबर १८८६ रोजीं तेराव्या लिओ पोपांनीं दिला, आणि या लिओंना कॅथलिक जगांत ‘जपमाळेचे पोप’ म्हणून ओळखतात. बरोबर तीन वर्षें आधीं, १ सप्टेंबर १८८३ रोजीं, त्यांनीं जपमाळेवरील आपलें पहिलें परिपत्रक काढलें होतें. माळ आणि माउली हे आपल्या नित्याच्या परिचयाचे शब्द या शेजारघरांत कोणत्या अर्थानें वावरतात, तें आज पाहूं.

प्रथम माळेची घडण. दहा लहान मण्यांचीं पांच दशकें, दोन दशकांच्या मध्यें एकेक मोठा मणी, आणि क्रुसाकडे जाणाऱ्या पदरांत आणखी पांच; असे एकूण ५९ मणी. मोठ्या मण्यावर ख्रिस्तानें शिकविलेली प्रार्थना म्हणावयाची, लहान मण्यावर मरियेची. या दुसऱ्या प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानांतून घेतलेला आहे: देवदूतानें मरियेस केलेलें अभिवादन आणि एलिझाबेथनें तिला दिलेला आशीर्वाद. उत्तरार्धांत, आतां आणि मरणाच्या वेळीं आम्हां पाप्यांसाठीं प्रार्थना कर, अशी विनवणी आहे. स्तोत्रसंहितेंत १५० स्तोत्रें. तीं वाचण्याइतकें अक्षरज्ञान ज्यांना नव्हतें, ते मरियेची प्रार्थना १५० वेळां म्हणूं लागले.

पण नुसती संख्या भरणें म्हणजे जपमाळ नव्हे. प्रत्येक दशकास ख्रिस्तचरित्रांतील एक प्रसंग नेमून दिलेला असतो. त्यास ‘रहस्य’ म्हणतात. बोटांतून मणी सरकत असतां, ओठांवर मातेचें नांव असतां, मनानें गोठ्यांतला जन्म पाहावयाचा, किंवा क्रूस वाहणारा पुत्र पाहावयाचा. नांव मातेचें, ध्यान पुत्राचें! पोपांच्या साऱ्या शिकवणुकीचा कणा मला येथेंच दिसतो.

या भक्तीस धर्मसंस्थेचें अधिकृत रूप १५६९ सालीं पांचव्या पायस पोपांनीं दिलें. पुढें ७ ऑक्टोबर १५७१ रोजीं लेपांतोच्या आरमारी लढाईंत तुर्कांचा पराभव झाला. हा विजय जपमाळेचा, असें मानून उत्सव सुरू झाला, आणि तो आजहि ७ ऑक्टोबरलाच असतो. माझ्या मतें, जपमाळेच्या थोरवीस तोफांच्या साक्षीची गरज नव्हती. संत डॉमिनिकला ही माळ प्रत्यक्ष मरियेनें दिली या परंपरेसहि त्याच्या काळच्या कागदपत्रांत आधार सांपडत नाहीं. तेराव्या लिओंनीं मात्र या दोन्ही कथा आदरानें सांगितल्या आहेत.

त्यांचें खरें मोठेपण निराळ्या ठिकाणीं आहे. १८९१ सालीं मजुरांच्या हालांविषयीं ‘रेरुम नोव्हारुम’ हें गाजलेलें परिपत्रक काढणारे पोप हेच. दोनच वर्षांनीं, १८९३ च्या जपमाळेवरील परिपत्रकांत, समाजाच्या तीन दुखण्यांवर त्यांनीं माळेचींच तीन औषधें सुचविलीं. साध्या, कष्टाच्या जिण्याचा कंटाळा आला असेल तर आनंदाचीं रहस्यें, म्हणजे नाझरेथच्या सुताराचें घर, डोळ्यांपुढें आणा. दुःख सोसण्याची नावड असेल तर दुःखाचीं रहस्यें. परलोकाचा विसर पडला असेल तर गौरवाचीं. कोणी म्हणेल, उपाशी कामकऱ्यास माळ देऊन काय होणार? आक्षेप रास्त आहे. पण हेंच सांगणाऱ्या पोपांनीं धन्यास न्याय्य वेतनाचें कर्तव्यहि बजावलें होतें, हें विसरतां कामा नये. त्याच १८९३ सालीं लिओंच्या पुढाकारानें सिलोनांतील कँडी येथें भारतीय धर्मगुरूंसाठीं विद्यालय सुरू झालें. तें १९५५ सालीं पुण्यास आलें, आणि आज नगर रस्त्यावर उभें आहे.

भाषेचा प्रश्न याहूनहि जिव्हाळ्याचा. फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं मराठी ओवींत ख्रिस्तपुराण छापलें, आणि त्यांची कोंकणींतील धर्मशिक्षणाची पुस्तिका १६२२ सालीं निघाली. म्हणजे शिकवण लोकभाषेंत होती. मिस्सा मात्र लॅटिनमध्येंच चाले. वेदीवर लॅटिन विधि चालला असतां खालीं भाविक माळ ओढीत बसत, आणि लिओंच्या काळीं ऑक्टोबरांत मिस्सेच्या वेळीं जपमाळ म्हणण्याची मुभाच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठींत आली. मग १९७४ सालीं सहाव्या पॉल पोपांनीं सांगितलें कीं, मिस्सेच्या वेळीं माळ ओढणें चूक. आणि ध्यानावांचून माळ म्हणजे नुसती निर्जीव आवृत्ति. २००२ सालीं दुसऱ्या जॉन पॉल पोपांनीं प्रकाशाचीं पांच रहस्यें जोडलीं, कारण ख्रिस्ताचें बाळपण आणि मरण यांच्या मधलें लोकसेवेचें पर्व माळेंत नव्हतें. त्यांत कानागांवचें लग्न आहे. तेथें मरिया चाकरांना एवढेंच सांगते कीं, तो सांगेल तसें करा.

आतां वांद्र्याची मोतमावली. ८ सप्टेंबरच्या सुमारास तेथें सर्व धर्मांची माणसें जातात, आणि मेणाचे हात, पाय, घरें, बाळें नवसाला वाहतात. त्यांतील कित्येकांना ती देवीच वाटते. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणें आराधना केवळ परमेश्वराची. मरियेला मान विशेष, पण तो मान. १९६४ सालीं व्हॅटिकन परिषदेनें अतिशयोक्ति आणि कोतेपणा दोन्ही टाळावयास सांगितलें. २०२५ सालीं चौदाव्या लिओ पोपांच्या संमतीनें रोमनें असेंहि जाहीर केलें कीं, मरियेस ‘सहउद्धारक’ म्हणणें उचित नाहीं. नवस करणाऱ्या आईला हा भेद किती कळतो, हा प्रश्न आहेच. तिचें मूल आजारी असतें. ती दुसऱ्या एका आईकडे जाते. तिला अडाणी म्हणून हिणविण्यास मी धजणार नाहीं.

वसईच्या घरांतून संध्याकाळीं एकत्र जपमाळ म्हणण्याची रीत जुनी आहे. बाराव्या पायस पोपांनीं १९५१ सालीं कुटुंबाच्या जपमाळेचा विशेष आग्रह धरला होता. एकानें पूर्वार्ध म्हणावयाचा, बाकीच्यांनीं उत्तरार्ध उचलावयाचा. पांच दशकांस पाव तास ते वीस मिनिटें लागतात. मुलें संध्याकाळच्या गाडींत अडकलेलीं, सून रात्रपाळीस. अशा घरीं म्हातारी आजी पूर्वार्ध म्हणते, क्षणभर थांबते, आणि मग उत्तरार्धहि आपणच म्हणते.