हिरव्या रंगाचा व्यापार



व्यापारी लोक ज्याला 'ग्रीन मार्केटिंग' म्हणतात, त्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. आपण त्याला हरित विक्रय म्हणूं. आपला माल निसर्गास अपाय करीत नाहीं, निदान शेजारच्या दुकानांतील मालाहून कमी करतो, असें सांगून तो खपविणें, एवढाच ह्याचा अर्थ. साबण, रंग, कापड, कागद, मोटारगाड्या, फार काय, हॉटेलांतील खोल्यासुद्धां आज ह्याच मंत्रावर खपतात. वेष्टणावर एक हिरवें पान काढलें आणि 'पर्यावरणस्नेही' हा भारदस्त शब्द छापला, कीं गिऱ्हाइकाच्या मनांतील अर्धी शंका तेथेंच विरते. पान काढण्यास शाईखेरीज दुसरा खर्च काय आला, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

ह्या विषयांतील एक प्रसिद्ध शब्द हॉटेलांवरूनच निघाला आहे. हॉटेलांच्या स्नानगृहांत 'पृथ्वी वांचविण्यासाठीं टॉवेल पुन्हां वापरा' अशा आशयाच्या चिठ्ठ्या ठेवतात. जे वेस्टरवेल्ड ह्या अमेरिकन निसर्गप्रेमी गृहस्थानें १९८६ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत त्यांवर बोट ठेवलें. टॉवेल न धुतल्यानें पाणी वांचतें, हें खरेंच. पण धुण्याचा खर्चहि वांचतो, आणि तो हॉटेलमालकाचा वांचतो. बाकीच्या कारभारांत जो पृथ्वीकडे ढुंकूनहि पाहत नाहीं, त्यानें ह्या एका काटकसरीला परोपकाराचें नांव द्यावें, ह्याला वेस्टरवेल्डनें 'ग्रीनवॉशिंग' म्हटलें. मराठींत आपण 'हिरवा मुलामा' म्हणावें. 'हिरवी कल्हई' हा शब्दहि चटकन सुचतो, पण कल्हईवर तो अन्याय होईल. कल्हईनें भांड्यांतील अन्न खरोखरच कळकत नाहीं.

मुलामा किती जाड असूं शकतो, ह्याचें उदाहरण जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीनें घालून दिलें. तिच्या डिझेल गाड्या अमेरिकेंत 'स्वच्छ डिझेल' म्हणून विकल्या जात. २०१५ च्या सप्टेंबरांत असें उघडकीस आलें कीं, तपासणी चालू आहे हें ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरणारी योजना त्या गाड्यांच्या यंत्रांतच केलेली होती. रस्त्यावर आल्यावर नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचें प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जाई. ही योजना असलेल्या सुमारें १ कोटी १० लाख गाड्या जगभर विकल्या गेल्या होत्या. परीक्षेच्या तीन तासांपुरता शहाणा होणारा विद्यार्थी आम्हां शिक्षकांना नवा नाहीं. परंतु पर्यवेक्षकाची चाहूल ओळखणारें यंत्र त्या मानानें नवें होतें.

ह्यांत गिऱ्हाईक फसतें, एवढेंच नुकसान नव्हे. त्याहून मोठें नुकसान प्रामाणिक कारखानदाराचें होतें. समजा, कापड रंगविणारे दोन कारखाने आहेत. एक आपलें सांडपाणी शुद्ध करून मगच नदींत सोडतो. त्याला यंत्रें, रसायनें, माणसें ह्यांचा खर्च येतो आणि त्याचें कापड तेवढें महाग पडतें. दुसरा पाणी तसेंच सोडून देतो व वेष्टणावर पान छापतो. पहिल्यानेंहि पान छापलेलें असतेंच. गिऱ्हाइकाला दोन्ही पानें सारखींच दिसतात. मग तें जास्त दाम कां मोजील? हळूहळू पहिल्याचा धीर सुटतो. जॉर्ज ॲकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजाराचें उदाहरण घेऊन दाखविलें होतें कीं, विकणाऱ्याला मालाची माहिती आहे आणि घेणाऱ्याला नाहीं, अशा बाजारांतून चांगला माल निघून जाऊं लागतो. हरित मालाच्या बाजाराला हें तंतोतंत लागू पडतें. युरोपीय आयोगानें २०२० सालीं अशा १५० दाव्यांची छाननी करविली, तेव्हां निम्म्याहून अधिक दावे संदिग्ध, दिशाभूल करणारे किंवा निराधार आढळले.

सगळेच दावे धडधडीत खोटे असतात असें मात्र नाहीं. कित्येक अर्धे असतात, आणि अर्धें सत्य तपासणें फार जड जातें. महाराष्ट्रांत २०१८ च्या मार्चमध्यें प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीचा हुकूम निघाला, तेव्हांपासून 'विघटनशील' हा शब्द घरोघर ऐकूं येऊं लागला. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनीं निरनिराळ्या पिशव्या मातींत, समुद्रांत व उघड्या हवेंत ठेवून पाहिल्या आणि २०१९ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षें मातींत राहूनहि बाजारहाट वाहून आणण्याइतकी शाबूत होती! 'कंपोस्टेबल' पिशवी समुद्रांत तीन महिन्यांत नाहींशी झाली, पण मातींत २७ महिन्यांनंतरहि सांपडली. ह्या दुसऱ्या जातीच्या पिशव्यांची कसोटी सुमारें ५८ अंश सेल्सिअस उष्णतेंत, मोठ्या खत-कारखान्यासारख्या परिस्थितींत घेतलेली असते. आपल्या परसांतील खड्डा एवढा तापत नाहीं. तिच्यावरचा दावा खोटा नव्हता. तो कोठें खरा, एवढेंच सांगावयाचें राहिलें होतें.

आणि कापडी पिशवी? तिची तर आपण पूजाच मांडली आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानें २०१८ सालीं एक हिशेब मांडला. केवळ हवामानावरील परिणाम पाहिला, तर साधी सुती पिशवी निदान ५२ वेळां वापरावी, तेव्हां ती प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. पाणी, ओझोनचा थर वगैरे सर्व बाजू धरल्या, तर ७,१०० वेळां! गटारें तुंबविणाऱ्या आणि गाईंच्या पोटांत जाणाऱ्या प्लॅस्टिकचा दोष ह्या हिशेबांत धरलेला नाहीं, म्हणून तो आपल्याकडे जसाच्या तसा घेऊं नये. परंतु जुन्या पातळाची घरीं शिवलेली पिशवी आणि प्रत्येक समारंभांत फुकट वाटलेली, हिरवें बोधवाक्य छापलेली कोरी पिशवी, ह्यांत केवढें अंतर आहे, तें त्यावरून कळतें.

मग गिऱ्हाइकानें विश्वास ठेवावा तरी कशावर? ह्याचें एक उत्तर पश्चिम जर्मनीनें १९७८ सालीं दिलें. विकणाऱ्यानें नव्हे, तर तिऱ्हाइतानें माल पारखावा, आणि तो कसोटीस उतरला तरच त्यावर 'निळा देवदूत' हें चिन्ह लावण्याची मुभा द्यावी. आपल्या सरकारनेंहि १९९१ सालीं 'इकोमार्क' नांवाची अशीच योजना काढली. चिन्ह निवडलें मातीचें मडकें, आणि ती निवड मोठी रसिकपणाची होती. मडकें मातीचें, त्याला ऊर्जा थोडी लागते, मागें विषारी गाळ राहत नाहीं. परंतु आपल्यापैकीं किती जणांनीं तें मडकें साबणाच्या वडीवर पाहिलें आहे? मीं पुष्कळ वड्या उलटून पाहिल्या, मला तरी तें भेटलें नाहीं. योजना ऐच्छिक होती. मालाच्या गुणवत्तेचें प्रमाणपत्र आणि त्यावर पर्यावरणाचीं बंधनें, असा दुहेरी खटाटोप कारखानदारानें करावा, आणि इतकें करून त्या चिन्हाची ओळख गिऱ्हाइकाला असूं नये! ज्या बाजारांत पान फुकट मिळतें, तेथें मडकें विकत कोण घेणार?

विजेच्या उपकरणांवरील ताऱ्यांची कथा निराळी झाली. ती योजना २००६ सालीं सुरू झाली, तीहि प्रथम ऐच्छिकच. पण २०१० पासून वातानुकूलन यंत्रें आणि कांहीं प्रकारचीं शीतकपाटें ह्यांना ती सक्तीची झाली, आणि २०२३ पासून छताच्या पंख्यांनाहि. आज दुकानांत शिरणारी गृहिणी रंगाआधीं 'तारे किती?' असें विचारते. शीतकपाटाच्या पट्टीवर वर्षाला किती युनिटें वीज लागेल, तो आंकडा छापलेला असतो. शिवाय कसोटी वेळोवेळीं कडक होते, त्यामुळें कालचे पांच तारे आजचे तीन ठरूं शकतात, आणि कारखानदाराला एकदां मिळविलेल्या यशावर बसून राहतां येत नाहीं.

पंख्याचाच हिशेब करूं. जुना पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो, नव्या पद्धतीच्या मोटारीचा सुमारें ३०. रोज १२ तास फिरला, तर वर्षाकांठीं फरक पडतो १९७ युनिटांचा. युनिटाला आठ रुपये धरले, तर १,५७६ रुपये. आपली वीज अजून बहुतांशीं दगडी कोळशापासून होते आणि एका युनिटामागें सुमारें ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. म्हणजे ह्या एका पंख्यामागें जवळजवळ १४० किलो टळला. जाहिरातींत पृथ्वीचें नांव असो वा नसो, हा आंकडा बदलत नाहीं. स्वस्त पडतो म्हणून पंखा रिकाम्या खोलींत फिरत ठेवला तर बचत गेलीच. पण तो दोष ताऱ्यांचा नव्हे.

२०२४ च्या ऑक्टोबरांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें हिरव्या मुलाम्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. त्याच वर्षीं मडक्याच्या योजनेचेहि नवे नियम निघाले. 'हरित', 'नैसर्गिक', 'पर्यावरणस्नेही' असे शब्द आतां नुसते वापरून चालत नाहीं. दावा मालाचा, कीं वेष्टणाचा, कीं बनविण्याच्या रीतीचा, हें सांगावें लागतें, आणि पुरावाहि द्यावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस २०१९ च्या कायद्यान्वयें पहिल्या वेळीं १० लाख रुपयांपर्यंत व पुन्हां केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. मोठ्या कंपन्यांचा जाहिरातीवरील खर्च पाहतां मला ही रक्कम किरकोळ वाटते. तपशील 'क्यूआर' चौकोनामागें ठेवण्याची मुभा आहे, तीहि मला फारशी रुचत नाहीं. ज्या आजीबाईंच्या हातांत तसा फोन नाहीं, त्यांच्या दृष्टीनें तो चौकोन आणि तें पान ह्यांत फरक तो काय? तरीपण दाव्याचा जाब विचारण्याचा हक्क आतां गिऱ्हाइकाला आहे. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ हा आहे. तेथें तक्रार नोंदवावयाची, तर मालाची पावती आणि तें पान छापलेलें वेष्टण, दोन्ही जपून ठेवावीं.